फ्लॅश कार्टवरचं हौशी फर्मवेअर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या कन्सोलसाठी फ्लॅश कार्ट, म्हणजे एसडी कार्डावरचे खेळ खऱ्या कन्सोलवर चालवणारं कार्ट्रिज, घेतलं की थोड्याच दिवसांत कळतं, त्यासोबत आलेलं फर्मवेअर, म्हणजे कार्टच्या आतलं सॉफ्टवेअर, हा शेवटचा शब्द नाही. त्याच कार्टसाठी कुणीतरी फावल्या वेळात लिहिलेलं दुसरं फर्मवेअर असतं, आणि पुष्कळदा ते जास्त चांगलं असतं. ते टाकावं का, टाकताना काय सांभाळावं आणि टाकून हाती काय लागतं, याबद्दलचे नेहमीचे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. माझं एक ठाम मत आधीच सांगून ठेवायला हवं: मेन्यू किती देखणा आहे यावर नाही, तर तुमचा सेव्ह (खेळातली साठवलेली प्रगती) शाबूत राहतो का यावर फर्मवेअरची पारख करावी. खालची बरीच उत्तरं याच नजरेतून लिहिली आहेत.

फ्लॅश कार्टमध्ये फर्मवेअर नेमकं असतं कुठे?

एका जागी नसतं, आणि बहुतेक गोंधळ इथेच सुरू होतो. सुपर निन्टेन्डोसाठीचं एसडी२एसएनईएस घ्या. त्याच्या बोर्डावर एक मायक्रोकंट्रोलर असतो. एसडी कार्ड वाचणं, फाइल्स शोधणं, सेव्ह लिहिणं ही कामं त्याची. शेजारी एफपीजीए, म्हणजे आतलं सर्किट प्रोग्रामने बदलता येणारी चिप, असतो. कन्सोल ज्या पत्त्यावर वाचायला येईल तिथे योग्य बाइट वेळेत हजर ठेवणं आणि मूळ कार्ट्रिजमधल्या जास्तीच्या चिप्सचं काम करून दाखवणं ही त्याची जबाबदारी. पडद्यावर दिसणारा मेन्यू हा खुद्द कन्सोलच्या प्रोसेसरवर चालणारा छोटा प्रोग्राम असतो. आणि या सगळ्याच्या खाली बूटलोडर, म्हणजे फर्मवेअर सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम, जो सहसा कुणी हलवत नाही आणि हलवूही नये.

गेम बॉय ॲडव्हान्सच्या ईझी-फ्लॅश ओमेगावर 'कर्नल' आणि 'फर्मवेअर' हे दोन वेगळे भाग आहेत. कर्नल म्हणजे मेन्यू आणि खेळांना पॅच करणारा, म्हणजे त्यांच्या कोडमध्ये छोटे बदल करणारा कोड, तर फर्मवेअर म्हणजे एफपीजीएचा भाग. दोघांचे आवृत्ती क्रमांक वेगळे चालतात. निन्टेन्डो डीएसच्या आर४ पद्धतीच्या कार्डांवर तर बहुतेक सगळा कर्नल मायक्रोएसडीवरच पडलेला असतो, त्यामुळे तो बदलणं म्हणजे फाइल्स बदलणं. कुणी 'नवीन फर्मवेअर टाक' म्हणालं की पहिला प्रश्न हाच विचारा: यातला कोणता भाग?

कंपनीचं फर्मवेअर असताना हौशी फर्मवेअर कशाला?

कारण कंपनीचा हिशोब विक्रीशी बांधलेला असतो. नवं मॉडेल बाजारात आलं की जुन्यावरचं काम मंदावतं. हौशी माणसाच्या घरात मात्र तेच जुनं कार्ट रोज वापरात असतं.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण पुन्हा एसडी२एसएनईएसच. विक्रीला आलं तेव्हा ते सुपर एफएक्स किंवा एसए-१ चिपचे खेळ चालवत नव्हतं. सुपर एफएक्स म्हणजे १९९३ च्या 'स्टार फॉक्स'मधली त्रिमितीय चित्रं काढणारी चिप. एसए-१ हा १०.७४ मेगाहर्ट्झवर चालणारा स्वतंत्र प्रोसेसर. खुद्द कन्सोलचा प्रोसेसर जास्तीत जास्त ३.५८ पर्यंत जातो, यावरून अंदाज येईल. या चिप्स त्या लहानशा एफपीजीएत बसणार नाहीत असं बरीच वर्षं धरून चाललं जात होतं. मग एका हौशी प्रोग्रामरने दोन्हींचे कोअर (एफपीजीएत त्या चिप्स उभ्या करणारे आराखडे) लिहून दाखवले आणि पुढे ते मुख्य फर्मवेअरमध्ये सामील झाले. ज्यांनी कार्ट कित्येक वर्षांपूर्वी घेतलं होतं त्यांच्याकडेही हे खेळ एका फाइलच्या अपडेटने चालू लागले. सोर्स कोड जीपीएल परवान्याखाली खुला होता म्हणूनच हे घडू शकलं.

डीएसकडे पाहा. एसकार्ड या डीएस कार्डाच्या खुल्या कोडवर हौशी लोकांनी एकेएआयओ हे फर्मवेअर उभं केलं. मूळ आर४ चे कर्नल येणं थांबल्यावर वूड आर४ या हौशी कर्नलने ते कार्ड पुढे चालतं ठेवलं. निन्टेन्डो ६४ वर समरकार्ट६४ या फ्लॅश कार्टचं तर सर्किटसुद्धा खुलं आहे, आणि एन६४फ्लॅशकार्टमेन्यू नावाचा खुला मेन्यू त्यावर चालतो. ओमेगासाठी सिंपललाइट हा पर्यायी कर्नल आहे.

टाकताना कार्ट ब्रिक, म्हणजे निकामी, होईल का?

कोणता भाग बदलताय त्यावर अवलंबून आहे. फक्त मेन्यूच्या किंवा एसडीवरच्या फाइल्स बदलत असाल तर धोका नसल्यात जमा. जुन्या फाइल्स परत ठेवल्या की काम झालं. एसडी२एसएनईएसचा बूटलोडर मायक्रोकंट्रोलरमध्ये वेगळ्या जागी राहतो. एसडीवर वेगळी फर्मवेअर फाइल दिसली की तो ती उचलून लिहितो, त्यामुळे बिघडलेलं फर्मवेअरही नुसती योग्य फाइल ठेवून दुरुस्त करता येतं. एवढं मात्र बघा की जुन्या बोर्डाची फाइल 'फर्मवेअर डॉट आयएमजी' असते आणि त्याच कार्टच्या नव्या बोर्डांची, म्हणजे मार्क ३ किंवा एफएक्सपॅक प्रोची, सहसा 'फर्मवेअर डॉट आयएम३'. दोन्हींतला एफपीजीए वेगळ्या कंपनीचा आहे, एकाची फाइल दुसऱ्याला चालत नाही.

खरा धोका एफपीजीएची कायमची मेमरी किंवा बूटलोडर बदलताना असतो, आणि तोही वीज गेली तर. हातातल्या कन्सोलवर अपडेट करणार असाल तर नव्या बॅटऱ्या घाला. अर्धवट उतरलेल्या बॅटरीवर मेन्यू मजेत चालतो, पण फ्लॅश मेमरीवर लिहिताना जास्त करंट लागतो आणि नेमकं तेव्हाच व्होल्टेज बसतं. कार्टचे पिन आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्या. लिहिणं चालू असताना पडदा काही वेळ जागचा हलला नाही तरी स्विचला हात लावू नका.

नक्कल केलेल्या कार्टवर हे चालेल का?

मेन्यू बहुधा चालतो, खालचे थर बहुधा नाही. नक्कल करणारे चिप बदलतात, पिनांची जोडणी बदलतात, कधी मेमरी कमी बसवतात. हौशी फर्मवेअर मूळ बोर्डाचा आराखडा डोळ्यापुढे ठेवून लिहिलेलं असतं. पॅकेटवरचं नाव पाहून कधीच ठरवू नका. बोर्डावर छापलेला क्रमांक आणि मेन्यूत दिसणारी हार्डवेअर आवृत्ती पाहा.

आर४ हे नाव तर कितीतरी वेगवेगळ्या कार्डांवर छापलेलं सापडतं आणि प्रत्येकाचा कर्नल निराळा असतो. त्यातल्या काहींच्या कर्नलमध्ये तारीख बसवलेली होती. कन्सोलचं घड्याळ त्या तारखेपुढे गेलं की मेन्यू खेळ उघडायला नकार देतो. हार्डवेअर धडधाकट असतं, अडथळा फक्त कर्नलचा. अशा कार्डांना वायएसमेन्यू किंवा ट्वायलाइट मेन्यू++ यांच्यासारखे पर्यायी मेन्यू पुन्हा कामाला लावतात. चांगलं हार्डवेअर कचऱ्यात जाण्यापासून वाचतं, म्हणून या कामाबद्दल मला विशेष आदर आहे.

नकलांबद्दल आणखी एक इशारा, आणि हा सॉफ्टवेअरने सुटणारा नाही. निन्टेन्डो एनईएस, सुपर निन्टेन्डो, मेगा ड्राइव्ह आणि जुना गेम बॉय ५ व्होल्टवर चालतात. आजच्या मेमरी चिप्स ३.३ व्होल्टच्या. मधे दोन्ही व्होल्टेज जुळवणारे लेव्हल शिफ्टर लागतात. ते गाळून केलेलं स्वस्त कार्ट चालतं खरं, पण चिपवर आणि कन्सोलवर दोन्हीकडे ताण देत चालतं.

माझे सेव्ह का जातात?

या प्रश्नासाठी थोडा वेळ काढा.

जुन्या कन्सोलला एसडी कार्ड ठाऊकच नाही. खेळाला वाटतं आपण बॅटरीवर जगणाऱ्या एसरॅममध्ये लिहितोय. ते कधीतरी एसडीवर पोचवणं ही फर्मवेअरची जबाबदारी, आणि 'कधीतरी' म्हणजे केव्हा, इथेच प्रत्येक कार्टचं वागणं वेगळं होतं. निन्टेन्डो ६४ च्या जुन्या एव्हरड्राइव्ह ६४ कार्टमध्ये सेव्ह कार्टच्या मेमरीत राहायचा आणि रीसेट दाबल्यावर मेन्यू तो एसडीवर लिहायचा. रीसेट न दाबता थेट वीज बंद केली की ताजा सेव्ह गेला. मूळ ओमेगामध्ये सेव्ह बॅटरीच्या आधाराने कार्टमध्ये राहतो आणि पुढच्या वेळी कन्सोल सुरू झाल्यावर कर्नल तो फाइलमध्ये उतरवतो. मधल्या काळात बॅटरी संपली तर सेव्हही संपला. ओमेगाच्या डेफिनिटिव्ह एडिशनमध्ये एफरॅम आहे, तिला टिकून राहायला बॅटरी लागत नाही. एसडी२एसएनईएस खेळ चालू असतानाच एसरॅमवर लक्ष ठेवतं आणि त्यात बदल दिसला की लिहून टाकतं. त्यामुळे खेळात 'सेव्ह झालं' असं आल्यावर लगेच स्विच बंद करू नका, कार्टवरचा दिवा शांत होऊ द्या.

आता गेम बॉय ॲडव्हान्सची खास अडचण. त्याच्या मूळ कार्ट्रिजमध्ये सेव्हसाठी तीन जातींची मेमरी वापरली जायची. एसरॅम ३२ किलोबाइट, फ्लॅश ६४ किंवा १२८ किलोबाइट, आणि ईईपीरॉम ५१२ बाइट किंवा ८ किलोबाइट. तिन्हींशी बोलण्याची पद्धत पूर्ण वेगळी. एसरॅमवर सरळ लिहिता येतं. फ्लॅशला आधी ठरावीक पत्त्यांवर ठरावीक आज्ञा द्याव्या लागतात. ईईपीरॉमशी एकेक बिट सरकवत बोलावं लागतं. कार्टमध्ये मात्र बहुधा एकच जात असते. मग कर्नल काय करतो? खेळाच्या रॉममध्ये, म्हणजे मूळ कार्ट्रिजमधल्या खेळाच्या फाइलमध्ये, निन्टेन्डोच्या सेव्ह लायब्ररीची (सेव्ह करण्याच्या तयार कोडची) खूण शोधतो. 'ईईपीरॉम_व्ही' किंवा 'फ्लॅश१एम_व्ही' अशा अक्षरांनी सुरू होणारी ओळ आणि तिच्यापुढे आवृत्तीचे आकडे बहुतेक रॉममध्ये जशीच्या तशी पडलेली असते. त्यावरून कोणत्या जातीची लायब्ररी आहे हे कळतं. मग त्या लायब्ररीतले लिहिण्या-वाचण्याचे भाग काढून त्यांच्या जागी एसरॅमवर लिहिणारे भाग बसवले जातात, आणि हे सगळं खेळ लोड होता होता, दरवेळी. लायब्ररीची एखादी आवृत्ती कर्नलला माहीत नसली किंवा खेळाने स्वतःचाच कोड वापरला असला, की खेळ नीट चालतो आणि सेव्ह तेवढा होत नाही. हौशी कर्नलच्या बदलांच्या यादीत 'अमुक खेळाचा सेव्ह दुरुस्त' अशी एक ओळ दिसते, तिच्यामागे हे काम असतं. एका ओळीसाठी कुणीतरी रॉमचा कोड डिसअसेंबल करून (यंत्रभाषेतून उलगडून) वाचलेला असतो.

निन्टेन्डो ६४ वर खेळ चालतो पण सेव्ह होत नाही. का?

कारण त्या रॉमच्या हेडरमध्ये (सुरुवातीच्या माहितीच्या भागात) सेव्हची जात लिहिलेलीच नसते. ४ किलोबिट ईईपीरॉम, १६ किलोबिट ईईपीरॉम, २५६ किलोबिट एसरॅम आणि १ मेगाबिट फ्लॅशरॅम, यातलं काय द्यायचं ते मेन्यूला आपल्याजवळच्या यादीतून शोधावं लागतं. भाषांतरित किंवा सुधारित रॉमची ओळख बदललेली असली की ती यादीत सापडत नाही. मेन्यूत हाताने जात निवडायची सोय असते, एव्हरड्राइव्हवर 'सेव्ह_डीबी' नावाची मजकूर फाइल असते, तिच्यात ओळ घालता येते. होमब्रू, म्हणजे हौशी लोकांचे स्वतःचे खेळ, लिहिणाऱ्यांनी मात्र यावर छान तोडगा काढला. कार्ट्रिजच्या ओळखीच्या जागी 'ईडी' ही दोन अक्षरं टाकायची आणि आवृत्तीच्या बाइटमध्ये सेव्हची जात लिहायची.

याच कन्सोलवर काळा पडदा आला तर रॉमचा बाइट-क्रम तपासा. हेक्स एडिटरमध्ये (फाइलचे बाइट आकड्यांत दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये) पहिले चार बाइट ८० ३७ १२ ४० असतील तर क्रम सरळ आहे. ३७ ८० ४० १२ असतील तर जोड्या उलटलेल्या आहेत, ४० १२ ३७ ८० म्हणजे चारही उलटे. फाइलच्या नावाला शेवटी झेड६४ लावल्याने आतला क्रम बदलत नाही. चांगले मेन्यू हे स्वतः ओळखून सुलटं करतात.

सेव्ह-स्टेट, म्हणजे खेळ कुठल्याही क्षणी जसाच्या तसा साठवणं, खऱ्या कन्सोलवर कसं शक्य आहे?

एम्युलेटरमध्ये, म्हणजे संगणकावर कन्सोलची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये, कन्सोलची सगळी अवस्था संगणकाच्या मेमरीत असते, ती उचलून फाइलमध्ये टाकायची एवढंच काम. खऱ्या यंत्रात तसं नाही. आतल्या चिप्सच्या पोटात काय आहे ते बाहेरून वाचावं लागतं, आणि काही गोष्टी वाचताच येत नाहीत.

सुपर निन्टेन्डोवर हे असं घडतं. दर फ्रेमला प्रोसेसर एनएमआय नावाचा व्यत्यय घेतो आणि त्याचा पत्ता कार्ट्रिजमधूनच वाचतो. कार्ट त्या क्षणी खेळाच्या पत्त्याऐवजी स्वतःच्या कोडचा पत्ता देतं. तो कोड कंट्रोलरवर ठरलेली बटणं दाबली आहेत का पाहतो. नसतील तर प्रोसेसरला खेळाकडे परत पाठवतो. असतील तर पडदा काळा करून १२८ किलोबाइट मुख्य रॅम, ६४ किलोबाइट व्हिडिओ रॅम, रंगांचे ५१२ बाइट आणि स्प्राइटचे ५४४ बाइट एकामागून एक वाचून काढतो. इथपर्यंत ठीक.

पण चित्र कसं काढायचं हे सांगणारे पीपीयू या चित्राच्या चिपचे बहुतेक रजिस्टर (आतल्या नोंदीच्या जागा) फक्त लिहिता येतात, वाचता येत नाहीत. खेळाने त्यात शेवटचं काय लिहिलं हे चिपला विचारायची सोयच नाही. म्हणून एफपीजीए खेळ चालू असताना बसवर (प्रोसेसर आणि चिप्स जोडणाऱ्या तारांवर) सतत पाळत ठेवतो आणि त्या पत्त्यांवर गेलेली प्रत्येक किंमत आपल्याजवळ टिपून घेतो. स्टेट परत आणताना ही टिपलेली किंमत पुन्हा लिहिली जाते. मला हौशी फर्मवेअरमधली ही सगळ्यात सुंदर कल्पना वाटते.

आवाजापाशी मात्र गाडी अडते. आवाजाचा प्रोसेसर एसपीसी७०० वेगळा आहे, त्याची ६४ किलोबाइट रॅमही वेगळी, आणि मुख्य प्रोसेसरला त्याच्याशी फक्त चार बाइटच्या खिडकीतून बोलता येतं. पलीकडचा प्रोग्राम साथ देईल तेवढंच कळतं. म्हणूनच स्टेट परत आणल्यावर संगीत चुकीचं वाजतं, गप्प होतं किंवा कधी खेळच थिजतो. हा प्रोग्रामरचा आळस नाही, यंत्राची रचनाच तशी आहे. तेव्हा सेव्ह-स्टेटवर सराव करा, कठीण टप्पा पुन्हा पुन्हा खेळा, पण खेळातला स्वतःचा सेव्ह करणं सोडू नका.

एसडी कार्ड कोणतं घ्यावं आणि फॉरमॅट कसं करावं?

नामांकित कंपनीचं, ३२ गीगाबाइटपर्यंतचं, फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलेलं. वेगाच्या आकड्यांमागे लागू नका. त्याहून मोठी कार्डं एक्सफॅटमध्ये येतात आणि बरीच फर्मवेअर ते वाचत नाहीत. काही नवी कार्टं वाचतात, तरी फॅट३२ ठेवलेलं बरं. एसडी असोसिएशनचा फॉरमॅटर चांगला आहे, पण ६४ गीगाबाइटला तो एक्सफॅटच देतो. मूळ आर४ ला २ गीगाबाइटपेक्षा मोठं कार्ड चालत नाही, कारण एसडीएचसी या मोठ्या कार्डांच्या प्रकाराशी बोलणं त्याच्या हार्डवेअरमध्येच नाही.

मॅकवरून फाइल्स टाकल्या तर टिंब आणि अधोरेषेने सुरू होणाऱ्या छोट्या जोडफाइल्स तयार होतात. मेन्यूत प्रत्येक खेळ दोनदा दिसतो आणि त्यातला एक उघडत नाही. त्या पुसून टाका.

फाइल्सची नावं देवनागरीत ठेवली तर चालतील का?

खेळ चालेल, नाव दिसणार नाही. बहुतेक मेन्यू ८ गुणिले ८ पिक्सेलच्या चौकटीत एक अक्षर बसवतात, आणि त्यांच्या फॉण्टमध्ये इंग्रजीपलीकडे फार काही नसतं. देवनागरी नावाच्या जागी प्रश्नचिन्हं किंवा चौकोन येतात. मात्रा आणि जोडाक्षरं एवढ्याशा चौकटीत बसवायची तर फॉण्टसोबत अक्षरजुळणीचा कोडही लिहावा लागेल. खुल्या कोडच्या मेन्यूत हे करता येण्यासारखं आहे. निन्टेन्डो ६४ त्यासाठी सगळ्यात सोयीचं, कारण तिथे पडदा हवा तसा पिक्सेल-पिक्सेल रंगवता येतो. कुणाला पहिलाच प्रकल्प हवा असेल तर हा घ्यावा असं मनापासून वाटतं.

खेळ अडखळतो किंवा मध्येच थिजतो. फर्मवेअरचा दोष का?

डीएसवर असाल तर आधी एसडी पाहा. डीएसचं कार्ड खेळ चालू असताना लागेल तसे तुकडे मायक्रोएसडीवरून वाचतं. फाइल कार्डावर विखुरलेली असली की पुढचा तुकडा शोधण्यात वेळ जातो, आणि चलत्-चित्रांत तो जाणवतो. सगळं संगणकावर उतरवून, कार्ड फॉरमॅट करून, फाइल्स पुन्हा एकसलग टाका. फरक पडतो. सुपर निन्टेन्डोवर किंवा निन्टेन्डो ६४ वर संपूर्ण रॉम आधीच कार्टच्या रॅममध्ये येते, तिथे हा उपाय निरर्थक. अपवाद एमएसयू-१ चा, म्हणजे खेळाला बाहेरचं ध्वनिमुद्रित संगीत जोडणाऱ्या सोयीचा. त्यातलं ४४.१ किलोहर्ट्झचं संगीत थेट एसडीवरून वाहत येतं.

गेम बॉय ॲडव्हान्सवर कारण वेगळं असू शकतं. खेळ सुरू होताना कन्सोलला सांगतो की कार्ट्रिज किती वेगाने उत्तर देईल. बरेच खेळ पहिल्या वाचनासाठी ३ आणि सलग वाचनासाठी १ वेटस्टेट (थांबण्याचे ठोके) मागतात. कार्टची मेमरी तेवढी चपळ नसली की चुकीचा बाइट जातो आणि खेळ कोसळतो.

अपडेटनंतर खेळातलं घड्याळ चुकलं. काय करू?

मेन्यूतून वेळ पुन्हा लावा. घड्याळाची बॅटरी संपली असेल तर ती बदला, फर्मवेअरचा संबंध नाही.

बॅटरी जास्त खाल्ली जाते का?

हो, मूळ कार्ट्रिजपेक्षा जास्तच. एफपीजीए, रॅम आणि एसडी तिघांनाही वीज लागते. काही हौशी आवृत्त्या खेळ लोड झाल्यावर एसडीला झोपवतात, त्याने थोडी बचत होते. ओमेगावर नेहमीचा खेळ कार्टमधल्या नॉर मेमरीत (वीज गेली तरी टिकणाऱ्या) टाकून ठेवला तर दरवेळी एसडीवरून भरावा लागत नाही, आणि सुरूही पटकन होतो.

हे कायदेशीर आहे का?

फर्मवेअर लिहिणं, बदलणं, वाटणं हा त्या कोडच्या परवान्याचा विषय. जीपीएल असेल तर तुम्ही बदललेली आवृत्ती दुसऱ्याला देताना सोर्सही द्यावा लागतो. खेळांच्या रॉमवर मात्र प्रकाशकांचा हक्क असतो, आणि स्वतःच्या कार्ट्रिजची प्रत काढण्याबद्दलचे नियम देशागणिक वेगळे आहेत. तुमच्या ठिकाणचे नियम तुम्हीच पाहा. जबाबदार प्रकल्प या रेषेबाबत काटेकोर असतात. उदाहरणार्थ, एसडी२एसएनईएसवर डीएसपी या जास्तीच्या चिपचे खेळ चालवायला त्या चिपच्या आतला कोड लागायचा. तो निन्टेन्डोच्या कार्ट्रिजमधला असल्याने फर्मवेअरसोबत कधी वाटला गेला नाही. आणि होमब्रू खेळांच्या बाबतीत असा काही प्रश्नच येत नाही. दरवर्षी गेम बॉय आणि मेगा ड्राइव्हसाठी इतके नवे खेळ लिहिले जातात की नुसत्या त्यांच्यासाठीही कार्ट घ्यावं.

मला स्वतः कोडमध्ये हात घालायचा आहे. सुरुवात कुठून करू?

मेन्यूपासून. चूक झाली तर वाया काही जात नाही. गेम बॉय ॲडव्हान्स आणि डीएससाठी डेव्हकिटप्रोचं डेव्हकिटआर्म, गेम बॉयसाठी जीबीडीके किंवा आरजीबीडीएस, निन्टेन्डो ६४ साठी लिबड्रॅगन, एनईएससाठी सीसी६५. यातलं तुमच्या कन्सोलचं साधन बसवा आणि आधी काहीही न बदलता आहे तोच कोड बिल्ड करा. तुमची फाइल प्रकल्पाच्या प्रसिद्ध फाइलसारखीच चालते याची खात्री झाल्यावरच पहिली ओळ बदला.

एफपीजीएत उतरायचं तर व्हेरिलॉग ही सर्किट लिहिण्याची भाषा शिकावी लागेल, आणि जुनी साधनं सांभाळावी लागतील. जुन्या एसडी२एसएनईएसवरचा एफपीजीए, झायलिंक्सचा स्पार्टन-३, त्याच कंपनीच्या व्हिवाडो या नव्या साधनात चालतच नाही. त्यासाठी झायलिंक्सचं आयएसई लागतं, ज्याची शेवटची आवृत्ती १४.७ ही २०१३ ची आहे. ती वेगळ्या व्हर्च्युअल मशीनमध्ये ठेवणं सोयीचं. एनईएसच्या एव्हरड्राइव्ह एन८ प्रोवर मॅपरचे (मूळ कार्ट्रिजमधल्या, मेमरीचे तुकडे अदलाबदल करणाऱ्या चिप्सचे) सोर्स उपलब्ध आहेत, आणि एक लहान मॅपर वाचून समजून घेणं ही एफपीजीएची उत्तम पहिली इयत्ता ठरेल.

एम्युलेटरवर चाचणी घ्या, पण तिथे चाललं म्हणजे झालं असं मानू नका. एमजीबीए आणि मेसेन फार अचूक आहेत, तरी एसडी कार्डाचा उशीर, घाणेरडे पिन आणि उतरलेलं व्होल्टेज त्यांच्यात नसतं.

बग सापडला तर कसा कळवावा?

कन्सोलचं मॉडेल, कार्टची हार्डवेअर आवृत्ती, कर्नल आणि फर्मवेअर दोन्हींचे क्रमांक, एसडीची कंपनी आणि आकार, आणि रॉमचा सीआरसी३२ किंवा एसएचए-१ (फाइल नेमकी कोणती हे ओळखायचा आकडा). खेळाचं नाव पुरत नाही. एकाच खेळाच्या अनेक आवृत्त्या फिरत असतात, आणि सुपर निन्टेन्डोच्या जुन्या फाइल्सना तर पुढे ५१२ बाइटचं कॉपियर हेडर (जुन्या नक्कल-यंत्राने जोडलेला भाग) चिकटलेलं असतं. पॅच लावलेली रॉम असेल तर मूळ रॉमवरही तीच अडचण येते का ते पाहून मगच लिहा. शेवटी, पडद्यावर काय दिसलं आणि त्याआधी कोणती बटणं दाबली तो क्रम. 'खेळ चालत नाही' एवढ्यावर कुणालाच काही करता येत नाही, आणि समोरचा माणूस हे काम नोकरी सांभाळून करतोय.

नवी आवृत्ती आवडली नाही. परत जुनीवर जाता येईल का?

बहुतेक वेळा हो, जुन्या फाइल्स ठेवल्या असतील तर. म्हणून अपडेटच्या आधी एसडीची पूर्ण प्रत संगणकावर काढा, आणि त्यातला सेव्हचा फोल्डर आणखी एका वेगळ्या जागी ठेवा. एक गोष्ट मात्र परतताना अडते. नव्या आवृत्तीने सेव्हच्या फाइलचं नाव, जागा किंवा आकार बदलला असेल तर जुनी आवृत्ती ती फाइल ओळखत नाही आणि त्याच नावाने रिकामा सेव्ह तयार करते. खेळ कोरा दिसला तर तिथेच थांबा, काही सेव्ह करू नका, वीज बंद करा आणि प्रतीतला फोल्डर एसडीवर परत टाका. सेव्ह-स्टेट तर एका आवृत्तीतले दुसरीत चालतील असं गृहीतच धरू नका. आवृत्ती बदलण्याआधी प्रत्येक खेळात जाऊन त्याचा स्वतःचा सेव्ह करून घ्या.